डावखुऱ्या हातांनी वाचलेले पुस्तक

नाण्यांची जादू शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘उजवा हात’ आणि ‘डावा हात’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतात, आणि वाचकाचा उजवा हातच चलाख असणार हे त्या वाक्यांत गृहीत धरलेले असते. मी डावखुरी आहे. चार वर्षांपूर्वी जे. बी. बोबो या अमेरिकन जादूगाराचे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ हे १९५२ सालचे पुस्तक मी शिकण्यासाठी उघडले, तेव्हा पहिल्याच पानापासून मला प्रत्येक वाक्य मनात उलटे करून घ्यावे लागले. उजव्याचे डावे करायचे, डाव्याचे उजवे करायचे, पण ‘स्वतःकडे’ आणि ‘प्रेक्षकाकडे’ हे शब्द मात्र होते तसेच ठेवायचे. सोबतच्या रेखाचित्रांतले हातही असेच उलटून पाहायचे. एका परिच्छेदाला एक संध्याकाळ लागत असे.

सुरुवातीला या संथपणाचा मला फार त्रास झाला. आज मात्र मला वाटते की मी जे काही थोडेफार शिकले ते त्या संथपणामुळेच शिकले. व्हिडिओ पाहून शिकताना हात आपोआप समोरच्या हातांची नक्कल करू लागतात, आणि त्या हातांचे मालक जसे खांदे उडवतात तसे आपणही उडवू लागतो. पुस्तकातले वाक्य उलटे करताना तसे करता येत नाही. बोटे अमुक दिशेला वळवावीत असे लिहिले असेल, तर ती तिकडे का वळवायची हे समजल्याशिवाय ते वाक्य माझ्या हातांसाठी नीट उलटतच नसे. ती वळण्याने नाण्याची कड झाकली जाते का, की हात बाजूला जाण्यासाठी ते केवळ निमित्त आहे, हे आधी ठरवावे लागे. प्रत्येक हालचालीचे कारण विचारण्याची सवय मला अशी लागली.

ही जादू रंगमंचावरची नव्हे. तिला क्लोज-अप म्हणतात, म्हणजे प्रेक्षक हातभर अंतरावर बसलेला असतो, मध्ये फार तर एक टेबल असते, आणि साधने म्हणजे पत्त्यांचा एक कॅट व चार-पाच नाणी. तिथे प्रकाशयोजना मदतीला येत नाही, पडदा नसतो, संगीत नसते. एखाद्या बोटाला आलेला ताणसुद्धा समोरच्याला दिसतो.

नाण्यांच्या जादूत सर्वांत आधी शिकायचा तो पाम, म्हणजे हात रिकामा दिसत असताना नाणे तळव्यात धरून ठेवणे. क्लासिक पाम म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा आणि त्याच्या समोरचा करंगळीच्या बाजूचा भाग यांच्या मध्ये नाण्याच्या कडा अडकवून ते तळव्याच्या मध्यावर तोलायचे. वाचायला हे अगदी सोपे वाटते, परंतु पहिले दोन आठवडे माझ्या तळहातातून नाणे दर मिनिटाला जमिनीवर पडत असे, आणि पडू नये म्हणून घट्ट धरले की अंगठा असा आखडत असे की कोणीही विचारावे, हाताला काय झाले? बोबोंच्या पुस्तकातले बरेचसे प्रयोग अमेरिकन अर्ध्या डॉलरच्या नाण्याने करायचे आहेत. त्याचा व्यास सुमारे ३०.६ मिलिमीटर असतो आणि त्याच्या कडेला बारीक खाचा असतात. या खाचांचे महत्त्व मला गुळगुळीत कडेची नाणी वापरून पाहिल्यावर कळले, कारण कातडीला पकड मिळते ती खाचांमुळेच. पुढे मी हातात नाणे धरूनच दिवसभराची कामे करू लागले. दार उघडायचे, पाने उलटायची, फोनवर बोलायचे, आणि हे सगळे तळव्यात नाणे असताना. दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी नाणे हातात आहे हे मीच विसरून गेले, आणि तो पाम जमल्याचा पहिला दिवस होता.

इथे मी कोणताही प्रयोग संपूर्ण उलगडून सांगणार नाही. ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने पुस्तकाशी झटापट करावी, आणि ज्याला केवळ पाहायचे आहे त्याचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही, असे मला मनापासून वाटते. तत्त्वांबद्दल मात्र बोलायला हरकत नसावी.

पत्त्यांच्या बाबतीत मला वेगळा निर्णय घ्यावा लागला. नाण्यांसाठी मी सगळे उलटे केले होते, म्हणून पत्तेही उलटेच शिकावेत असे प्रथम वाटले. पण नेहमीच्या पत्त्यांवर आकडा आणि चिन्ह वरच्या डाव्या व खालच्या उजव्या कोपऱ्यातच छापलेले असते. उजव्या हाताची माणसे पत्ते पंख्यासारखे उघडतात तेव्हा हे कोपरे ओळीने दिसतात. मी डाव्या हाताच्या सवयीने उघडले की समोर नुसते कोरे पांढरे कोपरे येतात आणि प्रेक्षकाला आपला पत्ता इस्पिकचा की किलवरचा हेही धड कळत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तकाप्रमाणे कॅट डाव्या हातात असतो, आणि प्रेक्षकाला वाटते की तो हात नुसता धरून बसला आहे. प्रत्यक्षात पत्त्यांच्या जादूतले पुष्कळसे गुप्त काम तोच हात करतो: करंगळीच्या टोकाने राखलेली केसाएवढी फट, अंगठ्याने हलकेच मागे ओढलेला वरचा पत्ता, तर्जनीने सांभाळलेली कड. म्हणजे डावखुऱ्या माणसाला पत्त्यांची पुस्तके उलट सोयीचीच आहेत. तेव्हापासून नाणी माझ्या पद्धतीने आणि पत्ते पुस्तकाच्या पद्धतीने, असे मी ठरवले आणि ते आजतागायत पाळले आहे.

हातांचा हा विचार करताना मला रेने लावाँ यांची फार आठवण येते. अर्जेंटिनाच्या या जादूगाराचा जन्म १९२८ चा. नऊ वर्षांचे असताना अपघातात त्यांचा उजवा हात गेला. उपलब्ध पुस्तके दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांना एका डाव्या हाताने करायची स्वतःची तंत्रे घडवावी लागली, आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पत्त्यांच्या जादूतील अत्यंत आदरणीय कलावंतांमध्ये त्यांची गणना होत होती. त्यांचे चित्रित प्रयोग पाहताना सर्वाधिक जाणवतो तो त्यांचा संथपणा. ते घाई करत नाहीत; उलट आणखी हळू, आणखी हळू असे करत जातात. चलाखी म्हणजे वेग हा समज त्यांचा एक प्रयोग पाहिला तरी गळून पडतो.

माझा तो समज मात्र गळायला वेळ लागला, आणि तो माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यामुळे गळला. बरोबर सात महिन्यांच्या सरावानंतर मी त्याला एक नाणे डाव्या हातातून उजव्या मुठीत ठेवून नाहीसे करून दाखवले. आरशासमोर मी ते शेकडो वेळा केले होते आणि आरशात ते निर्दोष दिसत होते. त्याने शांतपणे पाहिले आणि विचारले, “मावशी, नाणं या मुठीत ठेवलंस ना? मग तू त्या हाताकडे कशाला बघितलंस?”

माझ्या हातांत दोष नव्हता, डोळ्यांत होता. नाणे जिथे खरोखर होते तिकडे माझी नजर क्षणभर गेली होती, आणि लहान मुले शब्दांपेक्षा नजरेच्या मागे अधिक जातात. आरशाने हे मला कधीच दाखवले नव्हते, कारण आरशात स्वतःचे डोळे पाहत असताना ते दुसरीकडे वळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, पुढे मी स्वतःचे चित्रण केले तेव्हा दिसले की गुप्त हालचालीच्या नेमक्या क्षणी मी डोळे मिटत होते. आपली चूक आपल्याला दिसू नये अशी सोय शरीराने परस्पर करून टाकली होती.

त्यानंतर मी दुसऱ्या पुस्तकाकडे वळले. डाय व्हर्नन यांच्या जादूवर लुइस गॅन्सन यांनी लिहिलेले ‘द डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हर्नन यांचा जन्म १८९४ मध्ये कॅनडातील ऑटावा येथे झाला आणि १९९२ पर्यंतच्या प्रदीर्घ आयुष्यात त्यांनी जवळून दाखवण्याच्या जादूचा चेहराच बदलून टाकला. जादूगार त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. ते स्वतःही पुस्तकातूनच शिकले होते: १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झालेले ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक त्यांनी लहानपणी आत्मसात केले आणि जन्मभर त्याचा अभ्यास केला. एर्डनेस हे त्या पुस्तकाच्या लेखकाने घेतलेले टोपणनाव असून त्यामागचा माणूस कोण होता हे कोडे आजही सुटलेले नाही. ज्याचा चेहरा ठाऊक नाही अशा माणसाच्या वाक्यांनी व्हर्ननसारखा कलावंत घडवावा, हे मला विलक्षण वाटते. व्हर्नन यांच्याकडून थेट शिकणारेही होते. पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले पर्सी डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून त्यांच्याबरोबर हिंडले. ते भाग्य सर्वांना लाभत नाही. आमच्यासारख्यांना पुस्तकच गुरू करावे लागते.

गॅन्सन यांच्या पुस्तकात ‘व्हर्नन टच’ या नावाचे एक प्रकरण आहे. त्यात प्रयोग कमी आणि विचार जास्त असल्यामुळे पहिल्या वाचनात मी ते भराभर उलटून पुढे गेले होते. भाच्याच्या प्रश्नानंतर तेच प्रकरण मी पुन्हा वाचले, आणि मग किती वेळा वाचले याची मोजदाद नाही. व्हर्नन यांच्या साऱ्या विचाराचा गाभा स्वाभाविकता हा आहे, आणि स्वाभाविक म्हणजे त्या विशिष्ट माणसाला स्वाभाविक. माझ्या हातांनी नाणे खरोखर ठेवताना जे होते, तेच खोटे ठेवतानाही व्हायला हवे. म्हणून मी एक नेम केला: दहा वेळा नाणे खरोखर उजव्या मुठीत ठेवायचे आणि मग अकराव्या वेळी न ठेवता तसेच करायचे.

या नेमाने मला जे दिसले ते मी आयुष्यभर करत असूनही कधी पाहिले नव्हते. नाणे खरोखर ठेवताना माझी मूठ करंगळीपासून एकेक बोट करत मिटते, सगळी बोटे एकदम मिटत नाहीत. मूठ घट्ट नसते, कारण नाणे पळून जाईल अशी भीती कोणालाच नसते. माझी नजर नाणे पोहोचण्याच्या किंचित आधी त्या हातावर जाते. आणि ज्या हाताने ठेवले तो डावा हात काम संपताच सैल पडून खाली येतो. तो हवेत थांबून राहत नाही. खोटे ठेवताना मी यांतली एकही गोष्ट करत नव्हते. माझी मूठ आवळलेली होती, डावा हात लाकडासारखा ताठ होता, आणि नजर चोरासारखी त्याच्याचकडे जात होती.

उरला तो त्या डाव्या हाताचा प्रश्न. नाणे त्यात आहे, मग त्याने करायचे काय? याचे उत्तर शोधताना दोन थोरांचा मोठा आधार मिळाला. जन्माने इटालियन असलेले स्लायडिनी (१९००–१९९१) प्रेक्षकासमोर टेबलाशी बसून जादू करत. ते पुढे झुकले की प्रेक्षकही सावध होत आणि ते मागे टेकून सैलावले की प्रेक्षकही सैलावत. गुप्त काम त्या सैल क्षणी उरकलेले असे. स्पेनचे आस्कानिओ (१९२९–१९९७) हे व्यवसायाने वकील होते, आणि त्यांची मांडणीही तशीच काटेकोर आहे: जी हालचाल लपवायची ती दुसऱ्या, मोठ्या, उघड उद्देशाच्या हालचालीच्या वाटेत ठेवावी. हात पेन्सिल आणायला गेला तर लोकांच्या लेखी तो पेन्सिल आणायला गेला. वाटेत त्याने काय केले हे कोणी विचारत नाही, मात्र पेन्सिलीची खरोखर गरज असली पाहिजे. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गरज नसताना खिशात गेलेला हात हा कबुलीजबाबच असतो.

मराठीत या कलेला आपण हातचलाखी म्हणतो आणि नजरबंदीही म्हणतो. मी बरीच वर्षे पहिला शब्द नेमका आणि दुसरा अडाणी समजुतीतून आलेला मानत होते, कारण नजरबंदीत मंत्रतंत्राचा वास येतो. जादूगार म्हणजे चेटक्या, हा समज जगभर होता. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी १५८४ मध्ये चेटकाच्या आरोपांविरुद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा नाणी, पत्ते आणि चेंडू यांचे खेळ कसे केले जातात हे त्यांना समजावून सांगावे लागले. तरीही आता मला दुसरा शब्द अधिक खरा वाटतो. हाताचे काम शिकायला मला काही महिने लागले. स्वतःची नजर आणि तिच्या मागोमाग येणारी समोरच्याची नजर यांचे काम चार वर्षे चालू आहे. फरक एवढाच की ती नजर बांधायची नसते, तिला विश्वासाने कुठेतरी न्यायचे असते.

गेल्या महिन्यात भाचा पुन्हा राहायला आला होता. तो आता मोठा झाला आहे आणि माझ्याकडे संशयानेच पाहतो. मी नाणे उजव्या मुठीत ठेवले, डाव्या हाताने त्याच्याजवळची पेन्सिल मागून घेतली, तिने मुठीवर हलकेच टकटक केले आणि मूठ उघडली. त्याने तळवा पाहिला, माझा हात धरून उलटा केला, बोटांच्या फटी तपासल्या. डाव्या हाताकडे त्याने पाहिले नाही. तो माझा उजवा हात सुलटा करून त्याच रिकाम्या तळव्याकडे पुन्हा पाहत राहिला.