कॅमेऱ्यात सगळं दिसतं, पुढचा कोपरा सोडून

काल एमजी रोडला गाडी रिव्हर्समध्ये लावताना परत तेच, दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा, मागे रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न आणि मी स्क्रीनला डोळे लावून. रिव्हर्स कॅमेऱ्याची लेन्स वाइड अँगल असते ना, त्यामुळे मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून मी स्क्रीनवरच्या 'आता थांबा' सांगणाऱ्या लाल रेषेच्या आधीच ब्रेक मारतो. स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या रेषा मात्र भारी कामाच्या, गाडी कुठे जाणार ते आधीच कळतं. पण स्टेअरिंग उलटं फिरवलं की नाक आत येतं, ते मागच्या कॅमेऱ्याला काय दिसणार कपाळ! पुढच्या बंपरला बोटभर अंतर राहिलं. बायको खाली उतरून म्हणाली, "आरसे कशाला दिलेत रे?" आणि हो, पावसात लेन्सवर चिखल उडतो, आधी बोटाने पुसून घ्या.