मोनेची छत्रीवाली: वॉशिंग्टनमधील एक दुपार

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे एकाच चित्रासाठी जाण्याची चैन तिथे परवडते. आर्काइव्हज मेट्रो स्थानकावर उतरून मी पश्चिम इमारतीत शिरले आणि गडद संगमरवरी खांबांच्या घुमटाखालून फ्रेंच दालनांकडे वळले. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे १८७५ सालचे ते छत्रीवाल्या स्त्रीचे चित्र मला पाहायचे होते.

चित्रातली स्त्री म्हणजे मोने यांची पत्नी कामीय, आणि मागे कमरेपर्यंत गवतात बुडालेला मुलगा जाँ. त्या काळी हे कुटुंब पॅरिसजवळच्या आर्जांतय गावी राहत होते. चित्राची उंची जेमतेम एक मीटर आहे, तरीही कामीय उंचच उंच वाटते, कारण चित्रकाराने तिला चढणीच्या खालून पाहिले आहे आणि तिच्यामागे आकाशाशिवाय काहीच ठेवलेले नाही.

ऊन तिच्या पाठीमागून येते, म्हणजे आपल्याला दिसते ती तिची सावलीतली बाजू. म्हणूनच तिचा पांढरा पोशाख जवळून पाहिला तर फारच थोड्या ठिकाणी पांढरा आहे: पाठीच्या कडेला उन्हाची झळाळी, बाकी सारे निळसर, करडे, जांभळट, आणि बाहीवर पायाशी फुललेल्या रानफुलांचा पिवळा रंग. छत्रीची आतली बाजू हिरवी आहे. गवतावर पडलेल्या सावलीतही काळ्याऐवजी गडद हिरवा रंग भरला आहे. छापील प्रतींत हे बारकावे पार पुसले जातात, आणि आकाशातले घाईघाईचे फटकारे तर निव्वळ ढग वाटतात. हे काम काही तासांतच उरकले असावे, असे जाणकार मानतात. फटकारे पाहून मलाही ते पटले.

१८७६ च्या दुसऱ्या इम्प्रेशनिस्ट (म्हणजे मोने आणि क्षणिक प्रकाश टिपणाऱ्या त्यांच्या सोबत्यांच्या) प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले. १८७९ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कामीय वारली. पुढे १८८६ मध्ये मोने यांनी जिव्हेर्नी या आपल्या नव्या गावी सुझान ओशदे हिला (जी नंतर त्यांची सावत्र मुलगी झाली) अशाच छत्रीसह उभे करून दोन मोठी चित्रे रंगवली, जी आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. त्यांतला प्रकाश अधिक धीट आहे, हे मान्य. पण सुझानला नाक-डोळे जवळजवळ नाहीतच, तर कामीय मात्र चेहऱ्यावरच्या, वाऱ्याने उडणाऱ्या जाळीआडूनही थेट चित्रकाराकडे पाहते. माझी पसंती अर्थातच वॉशिंग्टनच्या चित्राला.