तासांसाठी येतात? हो, तासांसाठीच येतात

संध्याकाळी पालक मुलींना खो-खोच्या सरावाला सोडायला येतात, कुंपणापाशी जरा रेंगाळतात आणि कधीतरी विचारतातच, "मॅडम, ही कॉलेजची पोरं इथं रोज येऊन काय करतात? सर्टिफिकेटसाठीच येतात ना?" मागे दुसऱ्या मंडळाच्या एका जुन्या खेळाडूनंही हेच विचारलं, जरा तिरकस सुरात. खो-खोचे नियम 1914 साली याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर ठरले. त्यामुळे खो-खोबद्दल इथं प्रत्येकालाच मत असतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, बहुतेक जण तासांसाठीच येतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 आणि दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात, आणि आता नव्या धोरणात अशा कामाला क्रेडिटही मिळतात. पहिल्याच दिवशी वही पुढे येते, "मॅडम, सही?" मला त्याचं काही वाटत नाही. मी स्वतः खो-खोत आले ते गणिताचा जादा तास चुकवायला.

चुकले मी ती त्यांना काम देण्यात. सुरुवातीला एक उत्साही मुलगा आला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेला, सूर झकास मारायचा. बँकेतून मला यायला उशीर व्हायचा, म्हणून किशोरी गटाचा, म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलींचा, सराव सरळ त्याच्यावर सोपवला. महिनाभरात मुलींना त्याचा इतका लळा लागला की माझं कुणी ऐकेना. जमीन न भुसभुशीत करताच त्यानं सूर शिकवायला घेतले आणि तीन मुली कोपरं सोलून घरी गेल्या. ती जखम आठवड्यात भरली. पण नोव्हेंबरात त्याची परीक्षा आली आणि तो यायचा बंद झाला. मुली खो देता देता फाटकाकडे बघायच्या. एक तर पंधरा दिवस विचारत होती, "दादा आजारी आहे का?" त्याला काय दोष द्यायचा? एकोणीस वर्षांच्या पोरावर मी मंडळाचा खांब रोवला होता.

तेव्हापासून कॉलेजच्या मुलांना शिकवायला लावत नाही. ती गेली तरी अडणार नाही आणि असली तर फार सोपं होईल, अशी कामं देते. मैदानावर पाणी मारणं, फक्कीच्या रेघा ओढणं. वयोगटाच्या स्पर्धांचे ऑनलाइन अर्ज भरणं, हे तर मोठंच काम. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. वस्तीतल्या आईबापांना त्यापायी रोजावर पाणी सोडून दोन-दोन खेटे घालावे लागतात. कॉलेजची पोरं हे मोबाइलवर बसल्या बसल्या सोडवतात.

आणि गुणलेखन. खो-खोत पंच आणि सरपंच सगळ्यांना दिसतात. वेळाधिकारी आणि गुणलेखक टेबलामागे असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेची एक मुलगी आली. आयुष्यात कधी मैदानावर न उतरलेली, धुळीनं शिंकणारी. तिला स्टॉपवॉच आणि वही दिली. म्हटलं, प्रत्येक धावपटू किती वेळ टिकली ते रोज लिही. माझ्या मते हे तिला गुंतवून ठेवायचं काम होतं.

महिन्यानं ती वही घेऊन आली. "मॅडम, ही मुलगी जवळजवळ कधीच बाद होत नाही."

जिच्याबद्दल ती बोलत होती, तिला मी कच्ची समजून कायम तिसऱ्या तुकडीत टाकत होते. धावणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात, एक तुकडी बाद झाली की पुढची. किशोरींचा डाव 7 मिनिटांचा. पहिल्या दोन तुकड्या सहा मिनिटांच्या थोडं वरच काढायच्या, म्हणजे हिच्या वाट्याला मिनिटभरही नाही. नाबाद राहिली तरी आकडा चाळीस-पन्नास सेकंदांचाच, आणि माझ्या डोक्यात तोच चाळीसचा आकडा बसलेला. वीस वर्षांची माझी नजर आणि हे दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या तुकडीत धावू लागली. पहिल्याच सामन्यात अडीच मिनिटं काढली, तीही दुहेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या दोन-दोन खेळाडूंमधून नागमोडी धावत. खेळ कळणाऱ्याला हे दिसलं नसतं असं मी म्हणत नाही. पण मला दिसलं नाही, एवढं खरं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्यानंतर मैदानावर एकदम गर्दी झाली. दोन आठवडे नुसती हजेरी घ्यायलाच माणूस हवा होता. तेव्हा ही तासवाली पोरं नसती तर मी निम्म्या मुलींना परत पाठवलं असतं.

आता दोन नियम आहेत. एकट्या मुलीला घरी सोडायला कुणी जायचं नाही, मग तो कितीही भला असो. दुसरा, जायची तारीख मुलींना आधी सांगायची. परीक्षा कधी, परत येणार की नाही, सगळं त्यांच्यासमोर, गोलात उभं राहून. मोठ्या पोरांना याचा फार संकोच वाटतो. "मॅडम, नंतर मेसेज करतो ना," म्हणतात. मी सही अडवून धरते.

वाणिज्यवाली मुलगी गेल्या जूनमध्ये गेली, नोकरी लागली. तिची वही आता आमच्या किशोरी गटातलीच एक लिहिते, गुडघा दुखावल्यामुळे सध्या बाहेर बसलेली. तिचं अक्षर भयंकर आहे, 3 आणि 8 सारखेच दिसतात. त्यामुळे सध्या एक जण हवाय, अक्षर बरं असलेला. साडेपाचला मैदानावर या. काळे कपडे घालू नका, फक्की बसते.