‘ॲन’भोवतीचे पेन्सिलीचे वर्तुळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मी कपाटातून एक जुना, चार घड्या घातलेला कागद बाहेर काढला. घड्यांच्या रेषांवर तो आता विरला आहे. नववीत असताना पुढे विज्ञान घ्यावे की भाषा, या प्रश्नाने मी गोंधळून गेलो होतो. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गात सांगितले होते, की ज्याला माझा सल्ला हवा असेल, त्याने तो इंग्रजीतून आणि लेखी मागावा. त्याप्रमाणे मी जे पत्र दिले, त्यात दोनच वाक्ये होती : ‘आय वॉन्ट ॲन ॲडव्हाइस. प्लीज सजेस्ट मी व्हॉट शुड आय डू.’

दुसऱ्या दिवशी पत्र परत आले, तेव्हा त्यावर लाल शाईचा टिपूसही नव्हता. पेन्सिलीची तीन बारीक वर्तुळे होती : एक ‘ॲन’भोवती, दुसरे ‘सजेस्ट’नंतरच्या ‘मी’भोवती आणि तिसरे ‘शुड आय’भोवती. समासात बाईंच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते, ‘तिन्ही ठिकाणी तू मराठीच बोलला आहेस. कशी, ते शोध.’

पहिल्या वर्तुळाचा उलगडा लवकर झाला. मराठीत सल्ला मोजता येतो. एक सल्ला, चार सल्ले असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीतले ‘ॲडव्हाइस’ हे नाम मात्र पाण्यासारखे आहे, ते सुटे मोजता येत नाही. त्यामुळे त्यापूर्वी ‘ॲन’ येत नाही आणि त्याचे अनेकवचनही होत नाही. थोडा सल्ला हवा असेल तर ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावे आणि एखादाच हवा असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. जुन्या व्यापारी पत्रव्यवहारात ‘ॲडव्हाइसेस’ हे रूप आढळते, पण तिथे त्याचा अर्थ बातमी किंवा आलेली खबर असा असतो. बँकेकडून येणाऱ्या ‘पेमेंट ॲडव्हाइस’मध्येही सल्ला नसतो, पैसे पाठवल्याची सूचना असते. हा शब्द मुळात फ्रेंचमधल्या ‘आव्ही’ म्हणजे ‘मत’ या शब्दावरून आला आणि त्यातला ‘डी’ पुढे लॅटिनच्या वळणावर घातला गेला, हेही बाईंनीच सांगितले होते.

त्याच तासाला बाईंनी सगळ्या वर्गाला दोन बोटे गळ्यावर ठेवायला लावली. ‘ॲडव्हाइस’च्या शेवटी ‘स’ म्हटला तर बोटांखाली काहीच हलत नाही. ‘माझा’मधल्या ‘झ’सारखा उच्चार केला तर गळा थरथरतो. थरथर नसेल तर ते नाम, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘सी’. थरथर असेल तर ते क्रियापद ‘ॲडव्हाइझ’, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’. ‘प्रॅक्टिस’च्या बाबतीत अमेरिकन इंग्रजीने नाम आणि क्रियापद यांच्या स्पेलिंगमधला भेद सोडून दिला आहे, परंतु या जोडीतला भेद तिथेही पाळला जातो. आजही ‘प्लीज ॲडव्हाइझ’ लिहिण्यापूर्वी माझी बोटे नकळत गळ्याकडे जातात.

‘मी’भोवतीच्या वर्तुळाने मला दोन दिवस छळले. ‘मला एक पुस्तक सुचवा’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण आपले ‘सुचवणे’ हे ‘देणे’ आणि ‘सांगणे’ यांच्या जातीचे आहे, त्याला ‘मला’ चालते. इंग्रजीतले ‘सजेस्ट’ त्या जातीचे नाही. त्याच्या पाठोपाठ सुचवलेली गोष्ट यावी लागते आणि व्यक्तीचा उल्लेख करायचाच असेल तर तो नंतर, ‘टू’ लावून. म्हणून ‘कुड यू सजेस्ट अ बुक?’ एवढे पुरते. ‘ॲडव्हाइझ’ला मात्र व्यक्ती चालते, ‘ॲडव्हाइझ मी’ अगदी शुद्ध आहे. अर्थाने इतकी जवळची दोन क्रियापदे रचनेत इतकी वेगळी का वागतात, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही; ती तशीच लक्षात ठेवावी लागतात.

तिसरे वर्तुळ सर्वांत महत्त्वाचे होते, असे मला आज वाटते, कारण ती चूक उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातूनही होताना मी पाहिली आहे. ‘मी काय करावे?’ हा मराठीतला थेट प्रश्न आणि ‘मी काय करावे, ते सांगाल का?’ या वाक्यात सामावलेला प्रश्न, या दोन्हींत शब्दांचा क्रम एकच राहतो. इंग्रजीत थेट प्रश्नात ‘शुड’ कर्त्याच्या आधी उडी मारतो, ‘व्हॉट शुड आय डू?’, पण तोच प्रश्न ‘कुड यू टेल मी’च्या पोटात गेला, की कर्ता पुन्हा आपल्या जागी येतो, ‘कुड यू टेल मी व्हॉट आय शुड डू?’ बाईंनी फळ्यावर ‘शुड’ आणि ‘आय’ हे शब्द दोन वेगळ्या कागदांवर लिहून चिकटवले होते आणि वाक्य बदलले, की आम्हांला स्वतः जाऊन ते कागद हलवावे लागत. माझ्या हाताने तो ‘आय’ उचलून ‘शुड’च्या अलीकडे ठेवला, तो क्षण मला अजून आठवतो.

दुसऱ्या खर्ड्यात मी ‘आय हॅव अ डाउट’ अशी सुरुवात केली. आपली ‘शंका’ म्हणजे प्रश्नही आणि अविश्वासही. ‘डाउट’ या शब्दात पुष्कळ इंग्रजी भाषकांना केवळ अविश्वासच ऐकू येतो. तिथे ‘क्वेश्चन’ लिहायचे, एवढे सांगून बाई पुढे गेल्या.

सौजन्याबद्दल मात्र त्या सविस्तर बोलल्या. मराठीतला आदर क्रियापदाच्या रूपात असतो. ‘सांग’, ‘सांगा’, ‘सांगाल का’, ‘सांगावे’ या प्रत्येक पायरीवर समोरच्या माणसाचा मान वाढत जातो आणि ‘कृपया’ न म्हणताही विनंती पोहोचते. इंग्रजीत आज्ञार्थाला एकच रूप आहे, म्हणून नुसते ‘प्लीज’ जोडलेले वाक्यही हुकमासारखे लागू शकते. आपण भविष्यकाळातून जे साधतो, ते इंग्रजी भूतकाळाच्या रूपातून साधते : ‘कॅन’ऐवजी ‘कुड’, ‘विल’ऐवजी ‘वुड’, आणि अधिक अंतर राखायचे असेल तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड ॲडव्हाइझ मी’. या शेवटच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह येत नाही, पूर्णविराम येतो, कारण विनंती असली तरी व्याकरणाने ते विधान आहे.

तिसरा खर्डा शुद्ध झाला, तरी बाईंनी तो बाजूला ठेवला. ‘सल्ला मागितलास, पण कशावर?’ त्यांनी विचारले. ‘ॲडव्हाइस’नंतर ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येते आणि त्याच्यापुढची जागा मी रिकामी ठेवली होती. ती भरायला बसलो, तेव्हा लक्षात आले की मला विज्ञान की भाषा हे विचारायचेच नव्हते. गणितात मागे असताना विज्ञान घेणे शहाणपणाचे ठरेल का, एवढेच मला विचारायचे होते. चौथ्या खर्ड्यात मी ते लिहिले. तेव्हा बाईंनी समोरची खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास माझ्याशी मराठीत बोलल्या.

पुष्कळ वर्षांनी एका परदेशी प्राध्यापकांना संशोधनाविषयी पत्र लिहिताना मी तो कागद शेजारी ठेवला होता. ‘प्लीज गाइड मी’ हे वाक्य लिहून खोडले, कारण व्याकरणात ते चुकले नसले तरी ‘कशावर’चे उत्तर त्यात नव्हते. त्याऐवजी माझ्यासमोर कोणत्या दोन पद्धती आहेत, मी काय करून पाहिले आहे आणि नेमके कुठे अडलो आहे, हे सांगून शेवटी एकच प्रश्न विचारला. प्राध्यापकांचे उत्तर तीन दिवसांत आले आणि त्यात त्या प्रश्नाचा शब्दन्‌शब्द विचार केलेला होता.

ते उत्तर मी बाईंना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘आभाराचे पत्र गेले का?’ गेले नव्हते. तिथेच त्यांच्या टेबलाशी बसून मी ते लिहिले. ‘थँक यू फॉर युअर ॲडव्हाइस’ एवढ्यावर मी थांबलो, तेव्हा बाईंनी पेन्सिल उचलली आणि ‘ॲडव्हाइस’पुढच्या कोऱ्या जागेवर हलकेच टेकवली. मी पुढच्या ओळीत प्राध्यापकांनी सुचवलेली पद्धत वापरून काय झाले ते लिहिले आणि मग खाली सही केली.