बरं हाय

दुपारी अडीचला दह्याचं भांडं काढायला फ्रीज उघडला. कैरीच्या लोणच्याची बरणी, सकाळचं वरण, आणि त्यामागे झाकणाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा रिकामा डबा. रिकामा म्हणजे आइस्क्रीमपुरता. झाकण उचलून पाहिलं तर तो हसत होता.

तो नेहमीच हसतो. तोंडाची चीरच कानापर्यंत गेलेली. कान नाहीत, पण असते तर तिथपर्यंत गेली असती. पोट भरलं की हसतो, उपाशी असला की हसतो, आणि गेले नऊ दिवस आजारी आहे तर आजारपणातही हसतोच आहे. अशा रोग्याची सेवा करणं फार अवघड.

अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात त्याला. पोरगी पुण्याला शिकते, तिचा. घरमालकिणीनं नको म्हटलं म्हणून डिसेंबरात थर्माकोलच्या खोक्यात घालून घेऊन आली. वीतभर लांब, सोललेल्या शेंगदाण्यासारखा पांढरट गुलाबी, चार पाय, चपटी शेपटी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरे. शिरीषाची फुलं खोवल्यासारखे. ते त्याचे कल्ले, माशाचे आत असतात तर याचे बाहेर. पोरगी त्याला गोलू म्हणते. गल्लीतले पोट्टे ड्रॅगन म्हणतात. आई पहिल्या दिवसापासून पाल म्हणते आणि त्यावर ठाम आहे.

हिवाळ्यात काही वाटलं नाही. इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री म्हणजे त्याचं माहेरच. तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा. तिथं जुन्या तलावांचे कालवे उरलेत, त्यातला हा रहिवासी. शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर वर, म्हणजे आमच्या चिखलदऱ्यावर आणखी एक चिखलदरा ठेवला तर होईल तेवढं. पाणी सोळा-अठरा अंशांचं हवं, चोवीसच्या वर गेलं की जीव घाबरा. मार्च संपता संपता आमच्या विहिरीचंच पाणी सव्वीस झालं. पोरीला म्हटलं, घेऊन जा बाई याला. ती म्हणाली, "बाबा, आता प्रवासात मरेल तो." आणि परीक्षा आहे सांगून गेली. पोरींना सगळ्या गोष्टी आधी ठाऊक असतात, फक्त त्या सांगतात मागून.

पोत्याचा बारदाना ओला करून टाकीला गुंडाळला. समोर कूलर लावला. माणसं पंख्याखाली, तो कूलरपुढे. बायको काही बोलली नाही, पण रात्री कुशीवर वळताना बांगड्या जरा जास्तच वाजल्या. तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याचे तुरे पुढे वळले, शेपटीचं टोक हुकासारखं वाकलं, गांडूळ नाकापुढे धरलं तरी तोंड उघडेना. आणि एके सकाळी डावीकडच्या मधल्या तुऱ्यावर कापूस फुटला.

अगदी कापूसच. बोंड उकलताना पहिल्या दिवशी दिसतो तसा, इतकुसा पांढरा पुंजका. बुरशी असते ती. आयुष्य कापसात गेलं, पण कापूस पाहून पोटात गोळा यायची ही पहिलीच वेळ. म्हणजे भाव ऐकून येतो तो सोडून.

जनावरांच्या डॉक्टरांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला आणि म्हणाले, "चहा घेता?" पोरीनंच मग फोनवर उपाय सांगितले. ते ऐकून मला वाटलं ही मेक्सिकोचं काही सांगत नाही, आमच्या आजीचं सांगते आहे. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे जाडं मीठ, त्यात दहा मिनिटं डुंबवायचं, दिवसातून दोनदा. पंधरा मिनिटांच्या वर नाही, नाहीतर कल्लेच भाजतात. नाहीतर काळा चहा, थंड केलेला, पाण्यात ओतायचा; त्यानं कातडीला जरा तुरटपणा येतो. नाहीतर देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकायचं. शाळेच्या आवारात बदामाचं झाड आहे, लाल पानं पोतंभर पडतात. आणि हे सगळं करून फ्रीजमध्ये ठेवायचं, पाच ते आठ अंशांत. थंडीत बुरशी मंदावते, तोही मंदावतो, खायला मागत नाही. रोज सगळं पाणी बदलायचं, पण नवं पाणीही तेवढंच गार हवं.

म्हणून फ्रीज. आईनं पहिल्या दिवशी दही बाहेर काढून घेतलं.

"पाल हाय थंडीत अन् दही हाय उन्हात. वा रे जमाना."

चहा उकळताना तर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याले चहा?"

"बिनदुधाचा, माय. बिनसाखरेचा."

"बिनसाखरेचा तं मी बी नाही पेत."

तुटलेला पाय याला परत फुटतो, हाडासकट, हे तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग गुडघा चोळत म्हणाली, "त्याले म्हना माह्या गुडघ्याकडे एकडाव पाय." याहून मोठी गोष्ट म्हणजे हा कधी मोठा होत नाही. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकून बाहेर येतं, हा येतच नाही. तसाच, कल्ले बाहेर ठेवून, पाण्यात म्हातारा होतो. मीही पन्नाशी ओलांडली तरी आईच्या लेखी अजून पोट्टाच आहे, त्यामुळे यात तिला काही नवल वाटलं नाही.

माझी एक खोड आहे. आजारी माणसाला "आता कसं वाटते?" विचारलेलं मला सहन होत नाही. विचारणारा दारातच चप्पल काढताना विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत त्याचं लक्ष स्टुलाकडे गेलेलं असतं. खाटेवरचा बिचारा "बरं हाय" म्हणतो. दुसरं काय म्हणेल? ही खोड आली बापापासून.

मी आठवी-नववीत असेन. आमच्या धवळ्यानं रात्री दावं तोडून ओला हरभरा खाल्ला आणि पोट फुगलं. डावी कूस ढोलासारखी ताठ. बापानं बांबूच्या नळीतून गोडेतेल पाजलं. मी कंदील धरला होता. अर्धं तेल माझ्या हातावर, अर्धं बैलात. मग त्याला अंगणात फिरवलं, परत बांधलं, आणि बाप गोठ्यातच पालथ्या टोपल्यावर बसला. कूस चोळायचा, थांबायचा, कानाच्या मुळाशी हात लावायचा. मी मध्येच विचारलं, "बाबा, त्याले कसं वाटते आता?"

"त्याले इचारून तो काय सांगते? नाकाकडे पाय त्याच्या."

नाक कोरडं होतं. चांगल्या जनावराचं नाक दंवात भिजल्यासारखं ओलं असतं, हे मला त्या रात्री कळलं. मग मी नाकाकडे पाहत बसलो. कंदिलाची काच काळी झाली, शेणाचा आणि तेलाचा वास एक झाला, मला दोनदा डुलकी लागली. पहाटे कधीतरी कसला तरी हळू, ओला, कुरकुर आवाज ऐकू आला. धवळ्या रवंथ करत होता. बाप उठला, टोपलं सरळ केलं, कंदील फुंकला आणि काही न बोलता अंगणात जाऊन चूळ भरायला लागला. जणू रात्र झालीच नव्हती.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाप नागपूरला दवाखान्यात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि तो प्रत्येकाला सांगायचा, बरं हाय. शेवटच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याच्या कानाच्या मुळाशी हात लावला. थंड होतं. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहतोय ते त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं?

तर या गोलूचं नाक काही सांगत नाही. सांगतात ते तुरे. मागे झुकलेले आणि मोकळे असले की ठीक, पुढे वळले की काहीतरी बिनसलं. आता मी दिवसातून चार वेळा झाकण उचलून तुरे पाहतो. कापूस निम्मा झालाय असं मला काल वाटलं. बायकोला नाही वाटलं. तिचा चष्मा नवा आहे.

सोचिमिल्कोत १९९८ मध्ये मोजले तेव्हा एका चौरस किलोमीटरला सहा हजार निघाले होते. २०१४ मध्ये छत्तीस. पाणी घाण झालं, बाहेरून आणून सोडलेले मासे अंडी-पिल्लं खातात. तिकडे पन्नास पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलंय. नोटेवर आला की समजावं. तिथल्या जुन्या लोकांची एक कथाही पोरीनं सांगितली: शोलोत्ल नावाचा देव, बळी जायची पाळी आली तेव्हा भ्यायला आणि पळाला. आधी मक्याचं जोडताट झाला, ओळखला गेला. मग घायपातासारखं झाड झाला, तिथंही सापडला. शेवटी पाण्यात शिरून हा झाला. देव असून भ्यायला म्हणून मला तो फार आवडला. आईला ती गोष्ट सांगितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मंग पान्यातून काढलाच काय त्याले?"

काढलाच, म्हटलं.

त्यानंतर दही परत फ्रीजमध्ये गेलं. वरच्या कप्प्यात, पण गेलं.

आता झाकण लावतच होतो तर पोरीचा फोन. "बाबा, कसं वाटतंय त्याला आज?"

"बरं हाय," मी म्हणालो.

म्हणालो आणि मग डब्याकडे नीट पाहिलं. उजवीकडचे तिन्ही तुरे मागे. डावीकडचे दोन मागे, मधला पुढेही नाही आणि मागेही नाही. तिला ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात फ्रीजमधला दिवा गेला. लाइन गेली. बाहेर बेचाळीस अंश, आणि दुपारची गेलेली लाइन आमच्याकडे संध्याकाळच्या आत आली तर आली.

"बाबा?"

"मग करतो फोन," म्हटलं. फाट्यावरच्या गोळेवाल्याकडे बर्फाची लादी असते. दुपट्टा डोक्याला बांधला आणि सायकल काढली.