पाठीवरचा शिक्का आणि विमानाची शेपटी

1948-49 मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे जमिनीवरचे मार्ग अडवले आणि शहराला विमानांनी रसद पोचवावी लागली; बर्लिनच्या त्या नाकेबंदीवरील लेखासोबत त्या काळचे एखादे वृत्तछायाचित्र असावे, एवढीच माझी इच्छा होती; त्या एका छायाचित्राची तारीख ठरवण्यात तीन आठवडे जातील, असे मात्र वाटले नव्हते. निवडलेल्या चित्रात बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावर कामगारांची रांग अमेरिकी मालवाहू विमानातून पोती उतरवून घेत होती. वृत्तसंस्थेच्या नोंदीत तारीख होती 12 मे 1949. सोव्हिएत संघाने नाकेबंदी उठवली तो नेमका हाच दिवस, त्यामुळे ‘नाकेबंदीच्या अखेरच्या दिवशी’ अशी चित्रओळ मी निश्चिंतपणे लिहूनही टाकली.

प्रसिद्धीची परवानगी मागताना मी चित्राच्या पाठीचेही स्कॅन मागवले. (ही सवय मला उशिरा लागली, आणि तीही एकदा फजिती झाल्यावर.) पाठीवर टंकलिखित मजकुराची चिकटवलेली पट्टी होती, तिच्यात दिनांकच नव्हता, खाली तारखेचा जांभळा शिक्का होता आणि नोंद करणाऱ्याने तोच उचलला होता. वास्तविक असा शिक्का बहुधा चित्र छापल्याचा किंवा कपाटात ठेवल्याचा दिवस सांगतो, टिपल्याचा नव्हे. चित्राच्या आत दिसणारी तारीखही फसवते: अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या निवडणुकीतील पराभवाची चुकीची बातमी छापलेला अंक ते हसत उंचावून दाखवतात, तो अंक 3 नोव्हेंबर 1948 चा आहे, छायाचित्र मात्र दुसऱ्या दिवशी सेंट लुईसच्या रेल्वे स्थानकावर टिपलेले आहे.

खरा उलगडा पुढच्या बाजूने झाला. छापण्यासाठी कुठे कापायचे, हे दाखवणाऱ्या मेणपेन्सिलीच्या रेघा मूळ प्रतीवर होत्या आणि संग्रहाच्या संकेतस्थळावर फक्त त्या रेघांच्या आतला भाग होता. रेघांबाहेर अख्खे विमान उभे होते: दोनच इंजिने, नाक वर उचललेले आणि शेपटीचे लहानसे चाक जमिनीला टेकलेले. म्हणजे हे सी-47. त्यात जेमतेम साडेतीन टन माल मावे आणि जमिनीवर उभे असताना त्याची फरशी तिरपी राही; चार इंजिनांचे सी-54 सुमारे दहा टन नेई आणि त्याची फरशी सपाट असल्याने माल झटपट उतरे. म्हणूनच अमेरिकेने सप्टेंबर 1948 अखेर या मालवाहतुकीतून सी-47 विमाने काढून घेतली. अमेरिकी उड्डाणे 26 जूनला सुरू झाली होती, तेव्हा चित्र त्या तीन महिन्यांतलेच. कामगारांच्या अंगात नुसते सदरे होते, पण ते मे महिन्यातही खपले असते, म्हणून तो पुरावा मी धरला नाही.

वृत्तसंस्थेला हे पटवणे अधिक कठीण गेले. दोन पत्रांना ‘आमच्या नोंदीनुसार 12 मे’ हेच उत्तर आले. तिसऱ्या पत्रासोबत शेपटीच्या चाकाभोवती वर्तुळ काढलेले स्कॅन जोडले, तेव्हा नोंद बदलून ‘उन्हाळा 1948’ अशी झाली आणि परवानगीपत्रही त्याच तारखेने मिळाले. चित्र लेखाच्या सुरुवातीच्या भागात हलवले. अखेरच्या दिवसाच्या परिच्छेदासाठी आणखी दोन छायाचित्रे पाहिली, पण त्यांच्या पाठी पाहायला मिळाल्या नाहीत, म्हणून तो परिच्छेद चित्राविनाच छापला.