डी कमी आलं म्हणून दिवस राहत नाहीत?

मूल होत नाही म्हणून टेस्ट करायला गेलं की यादीत व्हिटॅमिन डी हमखास असतं, आणि रिपोर्ट आला की नेमकं तेच ठळक अक्षरात लो दिसतं. बाकीचे आकडे कोणाला वाचता येत नाहीत पण लो सगळ्यांना कळतं. माझं १४ (नॅनोग्रॅम प्रति मिली, पुढचे आकडेही याच मापात) आलं, तर नणंदेपासून ऑफिसमधल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांचं एकच, अगं मग हेच कारण असणार, गोळ्या घे, होईल सगळं नीट. मी गोळ्या घेतेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण "हेच कारण" हे जे परस्पर ठरवून टाकतात ना, त्यावर जरा बोलायचंय.

आता ही कल्पना काही हवेतून आलेली नाही हे आधी मान्य करते. डी हे नावाला व्हिटॅमिन, काम हार्मोनसारखं. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्वचेत तयार होतं, मग लिव्हरमध्ये एकदा आणि किडनीत एकदा असं बदलतं आणि तेव्हा कुठे कामाला लागतं. त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणाऱ्या जागा, ओव्हरीत असतात, गर्भाशयाच्या अस्तरात असतात, प्लॅसेंटात असतात, आणि ज्या एएमएचच्या (अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारं हार्मोन) आकड्याने आपली झोप उडते त्या एएमएचच्या जीनवर पण डीचा परिणाम होतो. एवढं वाचलं की कोणालाही वाटेल की अरे मग संबंध असणारच.

आणि संबंध दिसतो पण. २०१८ मध्ये ११ अभ्यास एकत्र करून, म्हणजे साधारण २७०० बायकांचा डेटा घेऊन तपासलं होतं, सगळ्या आयव्हीएफसारखी (टेस्ट ट्यूब बेबीची) ट्रीटमेंट घेणाऱ्या. ज्यांचं डी पुरेसं होतं त्यांच्यात बाळ जन्माला येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण त्यात कोणालाही डी देऊन बघितलं नव्हतं, फक्त कोणाचं किती आहे आणि पुढे काय झालं एवढंच मोजलं होतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कारण डी कमी कोणाचं असतं? वजन जास्त असेल तर कमी दिसतं कारण ते चरबीत साठून राहतं, आणि वजन जास्त असलं की ओव्हुलेशनवर, म्हणजे अंडं सुटण्यावर, वेगळा परिणाम होतोच. पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) कमी दिसतं, तिथे अंडं वेळेवर सुटत नाही हाच मुळात प्रॉब्लेम. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्यांचं कमी असतं (काचेच्या खिडकीतून ऊन येतं पण यूव्हीबी जवळपास येतच नाही, त्यामुळे खिडकीशी बसून उपयोग नाही), म्हणजे हालचाल पण कमी. मग बाळ न होण्याला डी जबाबदार की हे बाकीचं सगळं? नुसतं मोजून हे कळत नाही, देऊन बघावं लागतं.

तर इटलीत देऊन बघितलं. सनड्रो नावाची ट्रायल, २०२१ मध्ये निकाल आला, आयव्हीएफ करणाऱ्या ६३० बायका, सगळ्यांचं डी ३० च्या खाली. निम्म्यांना ६ लाख युनिटचा एकच मोठा डोस, निम्म्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. प्रेग्नन्सी राहिली डीवाल्यांपैकी ३७ टक्क्यांना आणि बाकीच्यांपैकी ४० टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. आता यावर म्हणता येईल की सगळ्या नॉर्मल वजनाच्या होत्या, डोस एकदम दिला, रोज थोडा थोडा दिला असता तर वेगळं झालं असतं, आणि हे आक्षेप अगदीच फालतू नाहीयेत. पण एवढा मोठा डोस देऊन काहीच हललं नाही तर "डी वाढवा, दिवस राहतील" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तो ३० चा आकडा पण गंमतच आहे. एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०११ मध्ये ३० च्या वर हवं असं सांगितलं आणि २०२४ च्या गाइडलाइनमध्ये स्वतःच त्यावरून माघार घेतली. हाडांच्या हिशोबाने बहुतेकांना २० पुरतं. म्हणजे कोणाचं २४ आलं आणि ती रडत बसली असेल तर तिला हे नक्की सांगा.

मग मी का घेतेय? १४ म्हणजे खरंच कमी आहे, हाडांसाठी हवंय, आणि प्रेग्नन्सीत डी घ्यावं असं त्याच २०२४ च्या गाइडलाइनमध्ये सुचवलंय, बीपी वाढण्यासारखे काही धोके कमी होऊ शकतात म्हणून. पण डॉक्टरने दिलंय तेवढंच. मनाने डबल डोस घेणाऱ्या बघितल्यात मी, आणि हे पाण्यासोबत निघून जाणारं व्हिटॅमिन नाही, साठतं, रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, किडनी स्टोनपर्यंत प्रकरण जातं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४००० युनिटच्या वर जायचं नाही असं साधारण धरतात.

आणि गंमत म्हणजे फॉलिक अॅसिड, जे दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं असतं आणि ज्याचा बाळाच्या मणक्यासाठी फायदा पक्का सिद्ध झालाय, त्याबद्दल मला कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही!

माझा खरा राग वेळेबद्दल आहे. आधी डी वाढवूया, मग बघू, यात महिने जातात. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच पूर्ण तपासणी करायची असते, आणि पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नाही. ट्यूब उघड्या आहेत का, ओव्हुलेशन होतंय का, थायरॉइड कसं आहे, आणि नवऱ्याची सीमेन टेस्ट, जी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात शेवटी होते. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं काहीतरी कारण असतंच, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आमच्याकडे माझे एवढे रिपोर्ट झाले आणि त्याची ती एक टेस्ट अजून "करू की" वरच होती. आता शनिवारची अपॉइंटमेंट मीच घेऊन टाकलीये, त्याला फक्त जायचंय.